आंबापोळीचं ऊन

गणपतीपुळ्याला आमच्या पाहुण्यांच्या चार खोल्या आहेत. त्यांच्यासाठी सोलर बसवायचं ठरलं तेव्हा आधी तीन जण आले, ओसरीवर रंगीत कागद पसरून, चहा पिऊन गेले. चौथा मात्र थेट गच्चीवर चढला, भर दुपारी चपला काढल्या आणि अनवाणी नाचायलाच लागला.

मी जिन्यात पदर तोंडाला लावून हसत उभी. चटका बसला की तो उडी मारायचा आणि तिथे खडूने फुली काढायचा. सगळ्यात उंच उडी आली ती माझ्या आंबापोळीच्या ताटांपाशी.

"मग इथेच बसवा, मी ताटं हलवते," मी म्हटलं.

त्याने पोळीचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"नको हो वहिनी. हे ऊन आधीच कामाला लागलंय. त्याला कशाला उठवायचं? मी आपलं शेजारचं घेतो."

पॅनल टाकीपलीकडे बसली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

परवा पोळ्या उलटायला गेले, तर आजूबाजूला कोणी नव्हतं. मी हळूच चपला काढल्या.

"वर कोण नाचतंय गो?" खालून सासूबाईंनी विचारलं.

"ऊन मोजतेय," मी म्हटलं आणि आणखी एक उडी मारली.