त्या रविवारी झोका देणारा

या सदरातले अनुभव मी आजवर हसत वाचले. खोटं कशाला बोलू? कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या गाडीवर मागे कोणी येऊन बसतं... वाचायचं आणि पान उलटायचं. आम्ही बौद्ध. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. लहानपणी कोणी भुताचं नाव काढलं की ते त्या माणसाला तिथल्या तिथे चार प्रश्न विचारून गप्प करायचे. कधी, किती वाजता, आणखी कोणी पाहिलं, तू आधी काय खाल्लं होतंस? मीसुद्धा तसाच वाढलो. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते त्याच पद्धतीने लिहितो – कुठे, किती वाजता, कोणी पाहिलं. उत्तर मात्र माझ्याजवळ नाही.

मी मिलिंद. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करतो. सीझन सुरू झाला की दिवाळीपासून पार मार्चपर्यंत आज वणी, उद्या पांढरकवडा, परवा राळेगाव. घर यवतमाळला, लोहाऱ्याकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीत. घरी बायको अर्चना आणि मुलगी मैत्री. तेव्हा मैत्री साडेचार वर्षांची होती.

लेआउटच्या मधोमध ओपन स्पेस आहे. दोन वर्षं तिथे गाजरगवत आणि डुकरं होती. मग कोणाच्या तरी निधीतून एक घसरगुंडी, एक सी-सॉ आणि दोन झोके आले. देणाऱ्याच्या नावाचा बोर्ड झोक्यांपेक्षा उंच. पण आमच्याकडच्या लेकरांना तेच खूप. यवतमाळात लहान मुलांना घेऊन जायचं तरी कुठे? चार लोकं एकच गार्डन सांगतात, तिथे रविवारी पाय ठेवायला जागा नसते. नाही तर कळंबला जा, चिंतामणीचं दर्शन घ्या, बाहेर लेकराला फुगा घेऊन द्या. अर्चना म्हणायची, ‘‘मले दर्शनाचं काही नाही. पण पोट्टीले जरा मोकळं खेळू द्या ना. तुम्ही एकडाव तरी या तिच्यासंगं.’’

एकडाव. मी ‘या रविवारी नक्की’ असं सलग सहा रविवार म्हणालो होतो. त्या मैदानावर मी एकदाही पाय ठेवला नव्हता, आणि ते माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे.

सातवा रविवार. जानेवारी. मैत्री सकाळपासून बूट घालून बसली होती. अकराला पांढरकवड्याच्या एका जिनिंगवाल्याचा फोन आला, एक मशीन आवाज करून राह्यली म्हणाला. आवाज करत होती, बंद पडली नव्हती. ते काम सोमवारी चाललं असतं. हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतो आहे. मी अर्चनाला सांगितलं, ‘‘अर्जंट आहे.’’

ती काही बोलली नाही. मैत्रीचे बूट काढायला खाली बसली, तेवढंच.

पांढरकवड्याला दीड तास लागतो. गेटवरच्या रजिस्टरमध्ये माझी सही आहे – आत एक चाळीस, बाहेर पाच पस्तीस. काम चारलाच संपलं. मग तिथले फिटर शेखचाचा चहा घेऊन आले आणि मी कापसाच्या गंजीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलो. मॅच कोण जिंकणार यावर आमच्या गप्पा चालल्या. घरी जायची घाई नव्हती. घरी गेलो की अर्चनाचं ते न बोलणं... मला ते टाळायचं होतं.

पाच वाजून बारा मिनिटांनी तिचा फोन आला.

‘‘अहो, कुठी गेले तुम्ही? गाडी आणा! लवकर गाडी आणा गेटवर!’’

मागे बायांचा आरडाओरडा. मी म्हटलं, ‘‘कोणत्या गेटवर? काय झालं?’’

‘‘झोका पडला! रेणुकाच्या पायावर पडला पूर्ण पाइप! आत्ता तर होते तुम्ही इथं!’’

‘‘अर्चना, मी पांढरकवड्याले आहो.’’

 ती हळू, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, ‘‘काहून खोटं बोलता?’’ आणि फोन कापला.

घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. अंगणात कोणी नव्हतं. अर्चना पलंगावर बसली होती, मैत्री तिच्या मांडीवर. त्या संध्याकाळी तिने जे सांगितलं ते मी नंतर खूपदा विचारून पक्कं केलं आहे. तिने एकही शब्द कधी बदलला नाही.

साडेचारला ती मैत्रीला घेऊन गेली. फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसली आणि बहिणीला फोन लावला. बोलता बोलता वर पाहिलं तर मैत्रीच्या मागे मी. पाठमोरा, बाकाकडे पाठ करून, झोका देत. अंगात मरून स्वेटर. ते स्वेटर तिनेच आणलेलं, घरी खुंटीला असतं. मी सकाळी कंपनीचं जॅकेट घालून गेलो होतो. तिला वाटलं, मी लवकर आलो, घरी जाऊन कपडे बदलले आणि तिला न सांगता सरळ मैदानात आलो. तिला रागच आला. मनात म्हणाली, येऊ दे स्वतःहून. ती बाकावरून उठली नाही.

अर्धा तास. अर्धा तास तो माणूस माझ्या मुलीला झोका देत होता आणि माझी बायको तीस-चाळीस पावलांवर रुसून बसली होती.

मग त्याने झोका थांबवला. मैत्रीला उचलून खाली ठेवलं, हात धरून घसरगुंडीपर्यंत नेलं, डोक्यावरून हात फिरवला. आणि मागच्या बाजूला कंपाउंडची जाळी तुटलेली आहे तिथून बाहेर गेला. तोवर रेणुका धावत येऊन त्याच झोक्यावर बसली होती. तिसऱ्या की चौथ्या हेलकाव्याला वरचा आडवा पाइप जोडातून सुटला.

रेणुका म्हणजे आमच्या मागच्या घरातल्या संतोषभाऊंची मुलगी. सात वर्षांची. गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडलं.

मी मैत्रीला जवळ घेतलं. विचारलं, ‘‘कोण देत होतं झोका, बेटा?’’

तिला प्रश्नच समजला नाही. ‘‘तुम्ही.’’

‘‘मी काही बोललो का तुला?’’

‘‘हो. म्हणे, उतर आता, हा तुटते.’’

मी अर्चनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, हे मला आजही आठवतं. किळस होती.

दुसऱ्या दिवशी मी मैदानात गेलो. पहिल्यांदा. पडलेला पाइप उचलून जोड पाहिला. वेल्डिंग अर्धवट, आणि तडा जुना. आतपर्यंत तांबूस गंज चढलेला. ताजं, चकाकतं लोखंड फक्त नखाएवढं. म्हणजे कित्येक महिने तो झोका तेवढ्या नखाएवढ्या धातूवर लटकला होता. माझं कामच हे. मी एखाद्या रविवारी तिथे नुसता उभा राहिलो असतो, तरी दोन मिनिटांत मला दिसलं असतं. किमान ऐकू तरी आलं असतं – असा जोड बोलतो.

हेच पुढे लोकांनी म्हटलं, फक्त उलट्या बाजूने.

झालं असं की अर्चना मैत्रीला घेऊन दवाखान्यात रेणुकाला भेटायला गेली. रेणुकाची आई वनिता कॉटजवळ बसली होती. तिने मैत्रीला जवळ घेतलं आणि सहज म्हटलं, ‘‘तू वाचली बाप्पा, आत्ताच उतरली होती ना तू?’’ आणि मैत्री म्हणाली, ‘‘पप्पानं सांगितलं ना मले. हा तुटते म्हणे.’’

साडेचार वर्षांचं लेकरू. त्याला काय कळतं, कुठे काय बोलायचं.

दोन दिवसांत अख्ख्या लेआउटला माहीत झालं. मिलिंद मशीनचा माणूस, त्याने पाइप पाहिला, आपली पोरगी उतरवली आणि मागच्या जाळीतून निघून गेला. दुसऱ्याच्या पोरीला एक शब्द सांगितला नाही.

मी संतोषभाऊंच्या घरी गेलो. जिनिंगच्या रजिस्टरचा फोटो नेला, शेखचाचांशी फोनवर बोलायला दिलं, टोलनाक्याची पावती दाखवली. संतोषभाऊंनी सगळं शांतपणे पाहिलं. त्यांच्या बाजूला राठोडकाका बसले होते, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. रोज संध्याकाळी ते मैदानाला चकरा मारतात. मी म्हटलं, ‘‘काका, तुम्ही तर होते ना तिथं. सांगा ना यांना.’’

काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘मी काय सांगू? मी राम राम केला तुले. तू मान हलवली. तीस वर्षं एसटी चालवली मी, माणूस वळखाले चुकत नाही.’’

‘‘काका, मी पांढरकवड्यात होतो!’’

‘‘मंग मी कोणाले राम राम केला?’’

संतोषभाऊंनी फोटो असलेला मोबाइल माझ्या हातात परत दिला. म्हणाले, ‘‘मिलिंदभाऊ, हे कागदं तुमच्याजवळ राहू द्या. रेणुकानं तुम्हाले विचारलं होतं – काका, मी बसू का? तुम्ही तिच्याकडे पाह्यलं अन् काहीच बोलले नाही. माही पोरगी खोटं नाही बोलत.’’

 मी होतो म्हटलं तर नीच. नव्हतो म्हटलं तर नीच आणि वर खोटारडा.

मी नगरपालिकेत अर्ज केला, झोके कोणी बसवले ते विचारलं. हे टेबल, ते टेबल. ‘‘काम हस्तांतरित झालेलं नाही,’’ असं उत्तर मिळालं. बोर्ड अजून उभा आहे. लोकांना बोर्डावरच्या नावाचा राग येत नाही, माझा येतो. बोर्डावरचा माणूस दिसत नाही ना त्यांना. मी रोज दिसतो.

त्या दिवसानंतर आमच्या घरी मैत्रीच्या वाढदिवसाला कोणी आलं नाही. अर्चना माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. तिचं गणित सोपं आहे. मी त्या दिवशी यवतमाळातच होतो आणि तिच्याशी खोटं बोललो. कशासाठी होतो, कोणाकडे होतो, हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. रजिस्टरचा फोटो तिने पाहिला आणि म्हणाली, ‘‘सही कोणीही करते.’’

आता मी दर रविवारी घरी असतो. फोन आला तरी जात नाही. मैत्रीला जांब रोडकडे जंगलाच्या बाजूने फिरायला नेतो, गार्डनमध्ये नेतो, झोका देतो. एकदा तिने मान मागे वळवून म्हटलं, ‘‘पप्पा, असा नाही. त्या दिवशी देत होते तसा द्या ना.’’

‘‘कसा देत होतो?’’

‘‘असा... हळू. अन् मोबाइल नव्हते पाहत.’’

मी तेव्हा मोबाइल पाहत नव्हतो. खिशातून काढलाही नव्हता. तरीही मी तिला तो झोका देऊ शकलो नाही. मी खूप प्रयत्न केला. माझ्यापेक्षा चांगला बाप माझ्याच तोंडाने येऊन गेला, आणि माझ्या मुलीला फरक कळतो.

पण मग रेणुका? तो चांगला होता तर तिला का नाही बोलला? या एका गोष्टीपाशी मी येतो आणि अडकतो. कारण खरं विचाराल तर... मी तिथे असतो, जोडाचा आवाज मला आला असता, माझी पोरगी खाली उतरवली असती, तर रेणुकाला मी नक्की थांबवलं असतं का? की घाईत, माझं काम झालं म्हणून, निघून गेलो असतो? मी स्वतःला ओळखतो. मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगून थांबतो. दुपारी मी अंगणात गाडी धूत होतो. फाटकाशी रेणुका येऊन उभी राहिली. ती आता चालते, पण डावा पाय थोडा ओढत. तिच्या घरच्यांनी तिला आमच्याकडे यायला मनाई केली आहे, तरी आली होती. मी नळ बंद केला.

ती म्हणाली, ‘‘काका, त्या दिवशी तुम्ही मले काहून नाही सांगितलं?’’

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्षभर मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं – मी नव्हतोच. तोंडावर तेच आलं होतं. पण तिच्या पायाकडे पाहिलं आणि ते वाक्य बाहेर निघेना.

मी म्हटलं, ‘‘चुकलं माझं, बेटा. सांगायला पाहिजे होतं.’’

तिने मान हलवली.  मग म्हणाली, ‘‘मैत्रू आहे का घरी?’’ मैत्री आतून धावत आली आणि दोघी पायरीवर बसून खेळायला लागल्या.

मी मागे वळलो तर दारात अर्चना. तिने सगळं ऐकलं होतं.

‘‘म्हणजे होते तुम्ही,’’ ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

त्या रविवारी पाच वाजता मी पांढरकवड्यात चहा पीत होतो. मैदानात कोण होतं, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा. पण माझ्या बायकोला आता सांगू नका, उपयोग नाही.