उस्तादांचा वारा

उस्ताद कधी बसत नसत. मालेगावात त्यांचं गादीघर, दिवसभर लोड-तक्क्यांच्या राशीत वावर, आणि माणूस मात्र सदा उभा. चहासुद्धा येरझारा घालत प्यायचे. बशीतला निम्मा गिऱ्हाइकाच्या रजईला मिळायचा. "बसला तो गंजला," म्हणायचे.

दुकानामागच्या पडीक जागेत जुन्या गाद्या आवळून उभ्या केलेल्या, तेच आमचं तिरंदाजीचं निशाण. उस्तादांची कमान जुन्या घडणीची, लाकडी, टोकं पुढे वळलेली. गावाने त्यांना उस्ताद म्हणायचं ते गाद्यांमुळे नव्हे, या कमानीमुळे. मी मेडशीहून मोटारसायकलवर शिकायला जायचो. घरी सांगायचो, खत आणायला चाललो.

कार्बनचे बाण आमच्यात मीच पहिल्यांदा आणले. होते त्यात सगळ्यात ताठ ते निवडले. ताठ बाण सरळ जाणार, हा माझा शोध. उस्तादांच्या कमानीवर पहिलाच चढवला, तो डावीकडे गेला आणि दोरीवर उन्हात घातलेल्या कोऱ्या रजईत घुसला. रजई रुखवतात जायची होती.

"काहून रे, बाण आनले का सळाखा?" उस्ताद फेऱ्या मारत ओरडले. "लाकडी कमानीले बाण वळसा घालून जाते. लवला पाह्यजे ना लेका! लवत नाही तो डावीकडे पडते, लय लवला का उजवीकडे."

"मंग आता?"

"टोक जड लाव. टोक जड, तं बाण नरम."

टोकं बदलली आणि बाण गादीच्या मधोमध. उस्ताद इतके खूश, की त्यांनी तसलेच बाण मागवून आपल्या ओढीला जुळवून घेतले. काही वर्षं मजेत गेली.

मग एका हिवाळ्यात त्यांचे बाण डावीकडे पडायला लागले.

"वारा हाय," उस्ताद म्हणाले. बांधावरच्या तुरीचं पान हलत नव्हतं. मग गाद्या तिरप्या ठरल्या, मग दोरी सैल, मग मी. "तू मांगं उभा राहून हातपाय हालवतं, माहा नेम जाते!" रोज टोक आणखी जड, रोज फेऱ्या जास्त. दुकान पोराने हाती घेतलं होतंच. उस्तादांपाशी उरली होती ती कमान.

अखेर एका दुपारी बाण मधोमध लागला. त्यांनी कमान माझ्या हातात कोंबली. "घे, मार. बाण जुळले का नाही पाह."

मी आपला शहाणा. छाती फुगवून दोरी कानापर्यंत ओढली. बाण उजवीकडच्या बाभळीत. दुसराही बाभळीत. त्यांच्यासाठी मुद्दाम डावीकडे रोखून बाण गादीत घालावा, तर तेवढा नेम माझा कधीच नव्हता.

उस्ताद बाभळीकडे पाहत राहिले. उजवा खांदा चोळला. आणि कडेला पडलेल्या गादीवर बसले.

"बाण चांगले होते रे पयले," ते म्हणाले. "हातच पुरा मांगं नाही येऊन राह्यला. कमी ओढली का नरम बाणही ताठ होते."

"नाही उस्ताद, वाराच असंन."

"चूप बस. तो वारा माहाच होता." मग म्हणाले, "कमान घेऊन जाय. बाण तुह्या हाताले जुळव. आन रजया पाहून मार!"

उस्तादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही हल्ली एका जागी टिकत नाही. बायको म्हणते, "निदान जेवा तरी बसून."

परवापासून माझे बाण जरासे डावीकडे पडताहेत. मी तुरीकडे पाहिलं. पान हलत नव्हतं.

वारा असेल.