पेंटर, पाटी आणि तरुण पेशी

चौकातल्या निम्म्या पाट्या पेंटरच्या हातच्या होत्या आणि शहरातली सार्वजनिक शौचालयं त्याला तोंडपाठ होती. मोठ्या आतड्याला नऊ वर्षं सूज. काम घेताना शिडी कुठे लावायची हे तो नंतर विचारायचा, आधी विचारायचा, "आत जायची सोय कुठे?"

नव्या दवाखान्याची पाटी त्यानेच रंगवली. 'मूळपेशींनी पोटाचे विकार मुळापासून बरे', आणि खाली आजारांची यादी. सोमवारी यादीत पाच आजार होते, गुरुवारी अकरा झाले. आम्लपित्त आलं, करपट ढेकर आले, शेवटी 'पोटात उगाच गुडगुडणे' हेही आलं. पेंटरचा आजार चौथ्या ओळीत होता.

"हा खरंच बरा होतो?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"पाटीवर आहे ना?"

घरी बायको म्हणाली, "अहो, ती पाटी तुम्हीच लिहिलीत."

"अक्षर माझं, ज्ञान त्यांचं."

मजुरीऐवजी त्याने उपचार घेतले, दर आठवड्याला शिरेतून एक बाटली. पेशी कुणाच्या, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "तरुण आहेत." पेशींना मोकळं मैदान लागतं म्हणून सरकारी रुग्णालयाच्या गोळ्याही बंद करायला लावल्या.

तिसऱ्या आठवड्यात रक्त पडू लागलं. "पेशी कामाला लागल्या," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. पाचव्या आठवड्यात पेंटरची पँट सुतळीवर आली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी फर्मावलं की पेंटरने दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर स्वतःचा चेहरा काढायचा आणि खाली लिहायचं, 'पूर्ण बरा झालेला रुग्ण'.

पेंटर पोटासाठी काम करत असला तरी कामात खोट नव्हती. स्टुलावर आरसा ठेवून दोन दिवस खपला. बसलेले गाल, खोल गेलेले डोळे, जसंच्या तसं उतरवलं. तो शिडीवर असतानाच एक आजीबाई थांबल्या, चित्राला हात जोडले आणि हळूच विचारलं, "कधी गेले?"

पेंटर शिडीवरून उतरला आणि ब्रश न धुताच रुग्णालयात गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला भरती केलं, मग झापलं. "मूळपेशींवर अभ्यास चालू आहेत, काही रोग्यांना गुणही दिसतोय. पण तुमच्या आजारावर अजून खात्रीचं काही नाही. आणि त्या बाटलीत काय होतं, कुणास ठाऊक."

जुनी औषधं पुन्हा सुरू झाली. बायको रोज डबा आणायची, समोर बसून शेवटचा घास जाईपर्यंत हलायची नाही.

चार महिन्यांनी गाल वर आले. दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्याला रस्त्यातच गाठलं. "बघा, पेशी उशिरा लागू पडल्या. या, चित्राचे गाल भरून द्या."

"येतो की," पेंटर म्हणाला. "फक्त खाली रुग्णालयाच्या गोळ्यांचं नाव लिहीन."

डॉक्टरांना एकाएकी दवाखान्यात कुणीतरी थांबल्याचं आठवलं.

पुढच्या आठवड्यात ती भिंत पांढरी झालेली दिसली. दुसऱ्याच कुणाकडून रंगवून घेतली होती. पेंटर क्षणभर थांबून बघत राहिला. एकच हात मारला होता, खालच्या चेहऱ्याच्या रेघा सगळ्या दिसत होत्या.