पंखेवाल्याचं इंग्रजी

रेवणप्पा निजामाच्या मोगलाईत, आपल्या नेकनूरला, परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक, सायबाचा उतरलेला एक पांढरा कोट आणि अदमासे चाळीस इंग्रजी बोलणी होती. ट्रंक रिकामीच होती आणि कोट गुडघ्याच्या खाली लोंबायचा. खरी कमाई म्हणायची ती बोलण्यांची.

अकरा वर्षं त्यांनी नगरला, भिंगारच्या छावणीत, एका गोऱ्या कप्तानाच्या बंगल्यावर पंखा ओढला होता. गळ्यात लिंग असलेला माणूस, सायबाच्या मांसाच्या ताटाला शिवायची सोय नाही, म्हणून खानसाम्याचं काम गेलं आणि पंख्याची दोरी हातात आली. व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायचं, भोकातून आलेली दोरी ओढायची आणि उघड्या दारातून सायबाचं जेवण बघायचं. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून रेवणप्पांनी स्वतःचीच एक रीत काढली. सायेब काय बोलला ते कानात धरायचं आणि मग पुढं काय होतंय ते बघायचं. जे झालं, तो अर्थ!

रीत तशी वाईट नव्हती. एकदा कप्तान म्हणाला, ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.’ कॅट म्हणजे मांजर आणि डॉग म्हणजे कुत्रा, एवढं रेवणप्पांना ठाऊक होतं. ते भीत भीत बाहेर डोकावले, तर नुसता धो धो पाऊस. अर्थ पक्का झाला. पुढं म्हाताऱ्या घोड्याबद्दल कप्तान म्हणाला, ‘किक्ड द बकेट.’ घोड्यानं बादलीला लाथ मारली होय, म्हणून रेवणप्पा तबेल्यात गेले. बादली जागच्या जागी उभी होती आणि घोडा मरून पडला होता. ‘वन्स इन अ ब्ल्यू मून’ म्हणजे कप्तान देवळात जातो तितक्या वेळा, आणि ‘अंडर द वेदर’ म्हणजे रात्री जास्त झाली, आता लिंबाचं पाणी आणा. बिनचूक!

सगळ्यात आवडतं बोलणं मात्र मडमेचं होतं. कप्तानाला टेनिस खेळायला दारचा कडुनिंब तोडायचा होता. मडम पाव चिरता चिरता हळूच म्हणाली, ‘ओव्हर माय डेड बॉडी.’ कप्तानानं मान खाली घातली आणि कडुनिंब राहिला. पुढं त्याला कुत्री विकायची होती, तेव्हाही मडम तेच बोलली आणि कुत्रीही राहिली. रेवणप्पांनी मनाशी अर्थ नोंदवला: ‘एवढं ऐका हो माझं.’ गोऱ्यांमध्ये याहून गोड विनंती नसावी, असं त्यांचं ठाम मत झालं.

नेकनूरच्या पारावर या चाळीस बोलण्यांनी रेवणप्पांना चांगलाच भाव आला. सिदूचा बैल मेला तर पोरंसोरंसुद्धा म्हणायची, बैलानं बकेट किक केली. खुद्द रामहरी पाटील त्यांना शेजारी बसवून निळ्या चंद्राचं विचारायचे. हे सगळं फार छान चाललं होतं, आणि सडकेचा गोरा इंजिनेर आला नसता तर आणखी वीस वर्षं असंच चाललं असतं.

इंजिनेरानं कागदावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती. त्या रेघेवर खुंट्या ठोकत त्याची माणसं चंद्रभागाबाईच्या विहिरीपाशी आली आणि पुढची खुंटी विहिरीच्या अलीकडे, तिच्या पुढची पलीकडे ठोकून मोकळी झाली. विहीर दगडांनी बुजवायची आणि वरून सडक न्यायची! त्या शिवारात बाकी विहिरींना मचूळ पाणी. गोडं पाणी तेवढं या एका विहिरीला, आणि विधवा चंद्रभागाबाई ते कुणालाही अडवत नसे. अर्धं गाव तिथंच घागरी भरायचं.

“आप्पा, सायबाशी तुमीच बोला,” पाटील म्हणाले. “त्याच्या कारकुनाला, त्या पेशकाराला, सांगून सांगून थकलो. त्यो आमचं पुढं पोचवतच न्हाई.”

रेवणप्पांनी मिशीवर हात फिरवला आणि हो म्हणून टाकलं. घरी आल्यावर शिवकांता, त्यांची बायको, जातं थांबवून बघत बसली.

“अवं, इंग्रजीत विहिरीला काय म्हणत्यात?”

सायबाच्या जेवणाच्या टेबलावर विहिरीची गोष्ट कधी निघालीच नव्हती.

“बुजवायला?”

“ते बी न्हाई.”

“मंग काय बोलणार, डोंबल?”

“हाय माझ्याकडं एक,” रेवणप्पा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांना भाकर गोड लागली नाही. उद्या जमलं नाही तर विहीर जाईलच, वर आपली चाळीस बोलणीही फुकटच, हे त्यांना पुरतं कळत होतं.

सकाळी सगळं गाव विहिरीवर जमलं. पांढरा कोट घालून रेवणप्पा पुढं झाले आणि त्यांनी खणखणीत ‘गुड मॉर्निंग, सर’ ठोकलं. इंजिनेर चकित झाला. मग रेवणप्पांनी विहिरीकडे बोट दाखवलं, घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांकडे दाखवलं, हात जोडले, कमरेत वाकले आणि होता नव्हता तेवढा गोडवा आवाजात आणून म्हणाले, “ओव्हर माय डेड बॉडी, सर.”

इंजिनेराचं तोंड लालबुंद झालं. त्याला नीट ऐकू गेलं नसेल, असं वाटून रेवणप्पांनी आणखी वाकून, आणखी गोड आवाजात तेच पुन्हा म्हटलं. इंजिनेर पेशकाराकडे वळून काहीतरी खेकसला.

पेशकार माणूस वाईट नव्हता. “क्या बोले, मालूम है क्या तुमकू?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “बोले तो, सडक मेरी लाश पे से ले जाव! साहब पूछते, सच्ची मरते क्या? माफी मांगो और घर कू जाव, बड़े मियाँ.”

जन्मभर ज्यानं ‘जी हुजूर’शिवाय दुसरा शब्द काढला नाही, त्यानं भर गावासमोर गोऱ्याला दोनदा धमकी दिली होती, तीही हात जोडून! माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं. चूक झाली, अर्थ ठाऊक नव्हता, एवढं म्हटलं की सुटका होती. समोर चंद्रभागाबाई उभी होती. ती रडत नव्हती, नुसती विहिरीकडे बघत होती. रेवणप्पांना एकाएकी स्वतःची इतकी लाज वाटली की भीतीला जागाच उरली नाही.

“सांगा सायबाला,” ते म्हणाले, “बरोबर हाय ते. असंच म्हनायचं हुतं मला.” आणि ते दोन खुंट्यांच्या मधोमध धुळीत बसले, पांढऱ्या कोटासकट.

त्यांना उचलून बाजूला ठेवायला एक शिपाई पुरला असता. तो पुढं आलाही. पण तेवढ्यात रामहरी पाटील धोतर सावरत शेजारी येऊन बसले. मग सिदू बसला. बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि त्याही बसल्या. एवढ्यांना उचलायचं म्हणजे दिवस गेला असता. इंजिनेरानं एक चिरूट ओढून संपवली, विहिरीत डोकावून पाहिलं, शेजारच्या गायरानाकडे पाहिलं आणि पेशकाराला दोन शब्द सांगितले. दुपारपर्यंत खुंट्या तीस पावलं सरकून गायरानात गेल्या.

लोक उठले, ओरडले, घागरी भरून आपापल्या घरी गेले. रेवणप्पा मात्र तिथंच धुळीत बसून राहिले. चंद्रभागाबाईनं तांब्याभर पाणी आणून पुढं केलं. त्यांना ते हातात घ्यायलाही संकोच वाटला.

“बाई, तुला म्हनून खरं सांगतो,” ते म्हणाले. “मला त्याचा अर्थ ठावंच नव्हता. म्या आपली विनंती म्हनून बोलून गेलतो.”

“ते समद्या गावाला कळलंय, आप्पा,” चंद्रभागाबाई म्हणाली. “बोलला तवा ठावं नव्हता. बसला तवा हुता न्हवं?”