बसेल की बसाडेल

धाकटी मुलगी अर्थशास्त्राच्या पुस्तकातले बेकारीचे प्रकार घोकत होती. हंगामी, ऐच्छिक, अनैच्छिक. मला हसू आवरेना. ह्यांतला फरक न कळल्यामुळे एकदा माझं लग्न मोडायला आलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी यंत्रांना तेल घालायचो. दिवाळीनंतर कापूस यायचा आणि भोंगा सुरू व्हायचा. उन्हं तापली की कापूस संपायचा आणि आम्हा सगळ्यांना घरी पाठवायचे. सारंगखेड्याहून मुलीचे वडील मला बघायला आले ते नेमके भर वैशाखात. मी बाजारात गेलो होतो. त्यांनी दाराबाहेरच शेजाऱ्याला विचारलं, पोरगा काय करतो? तो ओट्यावरून म्हणाला, "काय करी? घरमा बसेल शे." म्हणजे घरी बसलाय.

पाहुणे पाणीही न पिता परत फिरले. मी आलो तेव्हा आई रडत होती, तिने केलेले मांडे तसेच झाकलेले होते. मी शेजाऱ्याची मानगूट धरायला निघालो, तिनेच आडवं होऊन थांबवलं. त्या माणसाची आठवण निघाली की अजून माझं डोकं फिरतं.

चार दिवसांनी पाहुणे पुन्हा दारात. या वेळी आधी जिनावर जाऊन आले होते. फाटकाला कुलूप होतं आणि राखणदाराने सांगितलं होतं, सगळेच घरी आहेत, दिवाळीला पुन्हा बोलावतील. पाहुणे ओशाळून आईला म्हणाले, "पोरनी माले एकच ईचारं. तो बसेल शे का बसाडेल शे? माले जबाब देता उना नही."

स्वतःहून बसलाय की कुणी बसवलाय, एवढंच त्या मुलीला जाणून घ्यायचं होतं. त्या दिवशी पाहुणे पोटभर मांडे जेवले.

लग्नानंतर मी तिला विचारलं, हे तुला सुचलं कसं? तिचे वडील गावच्या घोडेबाजारात लोकांना घोडी पारखून द्यायचे. ती म्हणाली, "घोडं बसेल दिसनं ते बाबा लगेच उठी जात नहीत. काबर बसेल शे, आधी ईचारतस. मंग माणूसबद्दल काबर नही ईचारो?"

मला घोड्याच्या रांगेत बसवलं म्हणून मी तिला पुष्कळ चिडवलं. पण तिचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. दर वैशाखात भोंगा बंद झाला की शेजारी ओट्यावरून विचारायचाच, "काय, बसना का?" मी तोंड उघडायच्या आत घरातून तिचा आवाज यायचा, "बसाडेल शे!"