भावनाच्या वहीत नसलेलं तूप

वर्ध्याजवळच्या देवळी गावात भावनाचं बांगड्यांचं दुकान आहे. तिचे बाबा गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धवट सोडून ती त्यांच्या गादीवर बसली, आणि आज चौतिसाव्या वर्षीही तिथेच आहे. शेतातल्या निंदण-वेचणीने कडक झालेल्या बायकांच्या हातातही ती काचेची बांगडी न फोडता चढवते. हात हातात घेते, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबत दाबत काहीतरी विचारते, आणि बाई उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर पोचलेली असते.

मी तिची आई. शाळेत ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. भावनाबद्दल लोक काय काय बोलतात ते मी पुष्कळ वर्षं ऐकलं. एकदा त्यात माझीही भर पडली, म्हणून हे लिहिते आहे.

भावनाचं वजन एकशे सव्वीस किलो होतं. आधी थायरॉइड, मग शुगर, मग गुडघे. गादीवरून उठताना तिला खांब धरावा लागे. "चोरून खात असन" हे तिने लग्नात ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, दुकानाच्या पायरीवरही ऐकलं. ती हसून म्हणायची, "चोरून खायले आई घरात ठेवते कुठं काही!" हसणं खरं नव्हतं, ते मला कळायचं.

नागपूरच्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन सुचवलं, पण तारीख दिली नाही. आधी दोन महिन्यांत सात किलो उतरवा, म्हणाले, म्हणजे यकृतावरची चरबी कमी होते आणि आम्हाला काम करायला जागा मिळते. "आणि सवयी आत्ताच लावा. नंतर पोट एवढंसं राहणार. जुन्या सवयी त्याला झेपणार नाहीत." तिथल्या आहारतज्ज्ञ अपेक्षा मॅडम. त्यांनी समजावून सांगितलं. घास तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही, अर्धा तास नंतरही नाही. गोड पेयं बंद. जे पोटात जाईल ते वहीत लिहायचं.

खाण्याचं तिने पटकन जमवलं. एक अंडं, मुगाचं वरण, दही, भाजी, अर्धी भाकर. पिण्याचं अवघड गेलं. आमच्याकडे तांब्या ओठांच्या वर धरून घटाघटा पाणी ओततात. उन्हातून आलेली भावना एका दमात तांब्या रिकामा करायची. आता तिने वाटी घेतली आणि घोट घोट प्यायला शिकली. पहिल्या दिवशी झुणका तिखट झाला होता. तिचे डोळे भरून आले. मी पेला पुढे केला, तर तिने मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

"अजून बावीस मिनिटं," ती म्हणाली. "आई, तू तरी माह्यासमोर पिऊ नको न!"

मग चहा. दुकानात गिऱ्हाईक आलं की चहा येतो, आणि दुकानदारणीने सोबत घ्यायचा असतो. वही लिहायला लागल्यावर तिने मोजले, तर दिवसाचे अकरा अर्धे कप निघाले, प्रत्येकात भरपूर साखर. "मी तर चहाले कधी खाण्यात धरलंच नव्हतं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने सोबतीला पाण्याची बाटली ठेवली.

लग्नसराईत तर रोजचीच परीक्षा. नवरीला हिरवा चुडा भरला की भरणारीचं तोंड गोड केल्याशिवाय तिला उठू देत नाहीत. शकुंतलाबाईंच्या घरी मी तिच्यासोबत गेले होते. ताटलीत तीन पेढे आले. भावनाने ताटली हळूच मागे सरकवली.

"काऊन वं, माह्या पोरीच्या चुड्याले नाट लावतं का?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"नाट कायले, काकू? एक साखरेचा दाणा द्या. गोड तर गोडच आहे."

त्यांनी खरंच साखरेचा एक दाणा तिच्या जिभेवर ठेवला. सगळ्याजणी हसल्या. घरी आल्यावर भावनाने वहीत लिहिलं : साखर, एक दाणा.

आणि या मुलीच्या आईने काय करावं? मला भीती वाटत होती. पोट कापणार, भूल देणार. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं तेव्हा सासूबाईंनी पंधरा दिवस मला तूप आणि बदाम चारले होते. अंगात ताकद असली की माणूस टेबलावरून उठतो, असं त्या म्हणत. शिकलेली असूनही ते माझ्या मनात पक्कं बसलं होतं. भावनाचं अर्ध्या भाकरीचं ताट बघून माझा जीव तुटायचा. म्हणून मी वरण घोटताना त्यात दोन पळ्या तूप जिरवायची. दह्यात साय फेटायची. भाजीत शेंगदाण्याचा कूट घालायची, दिसणार नाही इतका बारीक. तिने विचारलं, "आई, वरण इतकं चांगलं कसं लागून राह्यलं?" मी म्हणाले, "भूक लागली असन तुले."

दोन महिन्यांनी काट्यावर ती उभी राहिली. एकशे पंचवीस.

अपेक्षा मॅडमनी वही चाळली. पान उलटलं, पुन्हा मागे आल्या. आवाज मऊच होता. "भावना, हे एवढंच खाल्लं असतं तर वजन उतरायला हवं होतं. काही लिहायचं राहून जातंय का?"

"नाई, मॅडम."

"रागवत नाही मी. पण खरं लिहिल्याशिवाय आपल्याला तारीख घेता येणार नाही."

भावनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला माझा संशयच नव्हता. मी तिथेच बोलायला हवं होतं. मी पदराचं टोक धरून बसून राहिले.

वर्ध्याच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, "सारं लिहिलं मी. दाणासुद्धा लिहिला. आता वहीवालीलेही मी खोटीच वाटतो."

मग मी सांगितलं. तूप, साय, कूट, सगळं.  सेलू गाव मागे पडल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुलेही वाटलं का, का माह्यानं होणार नाई?"

"तू उठशील का नाई, याचं भेव वाटलं बाई मले."

दोन दिवस ती स्वतःच्या हाताने वरण लावत होती. तिसऱ्या दिवशी मी अपेक्षा मॅडमना फोन केला, तिच्यासमोर, स्पीकर लावून. तिनं लिहिलेला शब्द न शब्द खरा आहे, खोटं माझ्या पळीत होतं, असं सांगितलं. पलीकडून हसू आलं. "काकू, अशा आया मला दर महिन्याला भेटतात. पण भावना, तुझी माफी मागते." भावना उठून आत गेली. डोळे पुसत बाहेर आली आणि कुकर माझ्या हातात दिला.

पुढच्या दीड महिन्यात आठ किलो उतरले. काल तारीख मिळाली.

दवाखान्यातला फॉर्म ती भरत होती. सोबत कोण राहणार, तिथे तिने माझं नाव लिहिलं. खालच्या ओळीत होतं : ऑपरेशननंतर रुग्णाचा आहार कोण सांभाळणार? तिचा पेन थांबला. मी दुसरीकडे बघू लागले. तिची चुलतबहीण वर्षाली वर्ध्यात राहते, तिचं नाव घालता आलं असतं. घातलं असतं तर मी काही बोलले नसते.

"आई, इकडं पाह्य. चमचाभर तूप जरी गेलं न, तर तुलेच भरती करीन इथल्या खाटेवर."

"नाई जाणार."

तिने खाली माझंच नाव लिहिलं, पूर्ण, तिच्या बाबांच्या नावासकट. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला.  बांगडी भरताना धरते तसा तिने माझा हात धरला आणि मी सही केली.