न पेटलेली काडी

वच्छलाबाईंना वास येईनासा झाला, हे राजापेठेतल्या त्यांच्या घरात कुणालाही कळलं नव्हतं. त्यांनी ते कळू दिलं नव्हतं.

थंडीत ताप आला होता, नाक चोंदलं होतं. ताप उतरला, नाक मोकळं झालं, आणि एका सकाळी सांबाराची जुडी निवडताना त्यांचा हात थांबला. हिरवीगार, दव असलेली कोथिंबीर, आणि वास काहीच नाही. त्यांनी पानं चुरगाळून नाकाशी नेली. मग लसणाची पाकळी ठेचली. मग हिंगाची डबी उघडली. शेवटी टोपलीतलं संत्रं घेऊन सालीत नख खुपसलं. त्यांचं माहेर शेंदूरजनाघाटचं, सारं बालपण संत्र्याच्या बागेत गेलेलं. सालीचं पाणी डोळ्यांत उडालं, डोळे झोंबले, पण वास आला नाही. बाई तिथेच पाटावर बसल्या.

घरात माणसं मोजकीच. एसटीतून निवृत्त झालेले वामनराव, फिरतीच्या नोकरीवरचा मुलगा शिवम, आणि रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी सून रागिणी. दिवसभर ज्याचं त्याचं चाले, पण रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकत्र आणि वच्छलाबाईंच्याच हातचं. ज्वारीची भाकरी, झुणका, कधी आलू-वांगं, कधी गोळाभात आणि वर चरचरीत तेलाची फोडणी. साधंच, पण शिवम परगावी असला की फोनवर आधी विचारायचा, "आज काय केलं, आई?"

मग सांगितलं का नाही? कारण त्यांच्या सासूबाई. म्हातारीला दिसेनासं झालं, भाजीत दोनदा मीठ पडलं, तेव्हा वच्छलाबाईंनीच झारा हातातून घेतला होता. "बसा आता तुमी, लय केलं." चांगल्या मनानंच म्हटलं होतं. पण म्हातारी जी बाजेवर बसली ती पुन्हा कशात रमली नाही. ती बाज आता वच्छलाबाईंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

म्हणून त्या कानांनी स्वयंपाक करू लागल्या. मोहरी तडतडायची थांबली की जिरं, जिऱ्याचा रंग पालटला की लसूण. बेसन भाजताना डोळा हलवायचा नाही. दूध चमच्यात घेऊन आधी चाखायचं. तरीही एकदा वामनरावांनी पहिलाच घास तोंडात थांबवला. "वरण आंबलं काय वं? वास येऊन राह्यला." "उनाचं लवकर आंबते," वच्छलाबाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या वरणाच्या वाट्या उचलून घेतल्या. आज वरण आंबलं. उद्या काय?

जीव शांत व्हायचा तो फक्त गच्चीवर. तिथे मोगऱ्याच्या दोन कुंड्या होत्या, त्या त्यांनी शेजारच्या शालूला देऊन टाकल्या. शालूनं विचारलं, "काहून वं काकू, एवढा फुलून राह्यला अन् देता?" "ऊन सोसत नाही त्याले," बाई म्हणाल्या. खरं म्हणजे तो मोगरा त्यांनाच सोसत नव्हता. त्याच्या जागी त्यांनी उन्हाची फुलं लावली. झिनिया, सदाफुली, आणि फुटक्या टोपल्यांतून चिनी गुलाब. वऱ्हाडातल्या उन्हाला माणसं दारं लावून घेतात, पण ही फुलं ऊन चढलं की टकाटका डोळे उघडत. त्यांना वास नव्हताच, त्यामुळे काही गेल्याची आठवणही ती करून देत नसत. बाईंना त्यांच्याशेजारी बसून बरं वाटे.

एप्रिल लागला. त्या दिवशी वामनराव परतवाड्याला जुन्या सोबत्याच्या घरी कार्यक्रमाला गेले होते, शिवम फिरतीवर होता. बाहेर झळा होत्या म्हणून बाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. संध्याकाळी बारीक आचेवर दूध ठेवलं आणि त्या झाडांना पाणी घालायला गच्चीवर गेल्या. दुपारच्या उन्हानं झिनियाची एक कुंडी पार तडकली होती. तिची माती दुसरीत भरता भरता दुधाचा विसर पडला.

खाली आल्या तर लाइट गेलेली. घरात काळोख दाटत होता. दूध आठवलं तशा त्या लगबगीनं स्वयंपाकघरात शिरल्या. आच दिसली नाही. वाटलं, आपणच बंद करून गेलो असू. दिवेलागणीची वेळ टळून चालली होती. देवघर तिथेच कोपऱ्यात. त्यांनी चाचपडत माचिस घेतली, काडी काढली, आणि पायाला काहीतरी चिकट लागलं. दूध. ओट्यावरून ओघळून फरशीवर आलं होतं.

दूध उतू गेलं म्हणजे आच विझली. आच विझली म्हणजे... काडी पेटीच्या कडेला टेकलेली होती. विचार पुरा व्हायच्या आधीच जिन्यावरून, लॅबमधून परतणाऱ्या रागिणीची किंकाळी आली.

"आई! काडी ओढू नका! आई!"

वच्छलाबाई दगडासारख्या उभ्या राहिल्या. बोटं उघडेनात. रागिणी पदर नाकाला लावून आत घुसली, गॅसचं बटन फिरवलं, सिलिंडर बंद केला, खिडकी सताड उघडली आणि सासूला दंडाला धरून ओढत बाहेर जिन्यावर आणलं. दोघी पायरीवर बसल्या. रागिणीनं सासूच्या मुठीतून काडी सोडवून घेतली, तेव्हा ती घामानं भिजली होती.

"सगळ्या जिन्यात वास भरला होता, आई," रागिणी म्हणाली. "तुमी त्याच्यात उभ्या होत्या. तुमाले वास नाही आला?"

आता खोटं बोलायला त्राणच नव्हतं. "मले कशाचाच वास येत नाही, बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "थंडीपासून."

"अन् सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर बाजेवर बसवलं असतं मले."

रागिणीनं सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. दोघींनाही हुडहुडी भरली होती, एप्रिलच्या उकाड्यात. दोघींनी ती रात्र शालूकडे वरण-भात खाऊन काढली. बाईंनी डोळे मिटले की तीच काडी दिसे, आणि तिच्यापाठी जिना चढणारी रागिणी.

डॉक्टरांनी तपासलं. तापानं नस दुखावली असावी, वास परत येईल किंवा नाहीही, म्हणाले. शिवम फोनवर ओरडला, "उद्यापासून बाई लावा स्वयंपाकाले!" वच्छलाबाई खाली मान घालून ऐकत होत्या. त्यांना ते पटतही होतं. सगळ्यांना मारायला निघालेल्या बाईनं कोणत्या तोंडानं चुलीपाशी उभं राहायचं?

रागिणीच म्हणाली, "बाई कशाले? घरात तीन नाकं आहेत की. गॅस पेटवताना कोणीतरी जवळ राहू. आई एकट्या पेटवणार नाहीत, एवढंच."

नाकाचं काम वामनरावांकडे आलं. ते आधी चिडले होते, दोन दिवस धड बोलले नव्हते. मग एका संध्याकाळी स्टूल घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. "हं, पेटव. वास नाही काही." फोडणी पडली तसे सांगू लागले, "हिंग आला. आता लसूण. थांब, जळून राह्यला... नाही, ठीक आहे."

बाईंना आधी लाज वाटली, मग हसू आलं. भीती मात्र गेली नाही. अजूनही त्या बटन पुन्हा पुन्हा फिरवून पाहतात, गच्चीवर फुलांना पाणी घालता घालता मध्येच झारी ठेवून खाली धावतात. आणि वामनरावांना स्टुलावर डुलकी लागली, की काडी हातात घेऊन उभ्या राहतात, ओढत नाहीत.

"अवो, उठा," त्या म्हणतात. "आधी वास घ्या."